कागदी फुलांच्या डोंगरावर मी कसा भ्यालो

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. कोल्हापुरात असं उघड बोलायची रीत नाही. आमच्या गल्लीत कुणी ‘भ्यालो’ म्हणालं तर लोक आधी पोट धरून हसतात, मग चहा पाजतात आणि पुढं वर्षभर त्याच नावानं हाक मारतात. मला ती हाक सवयीची झाली आहे. उंचावर गेलो की माझ्या गुडघ्यांचं पाणी होतं, कुत्रं भुंकलं की मी रस्ता बदलतो, आणि गगनबावड्याच्या घाटात एसटी वळायला लागली की मी डोळे मिटून ‘शिवा शिवा’ करतो.

असा मी आफ्रिकेला जाऊन आलो. आल्यापासून जो भेटेल तो विचारतो, “सिंह बघितलासा का?” नाही बघितला. हत्तीही नाही. मी बघितला एक डोंगर, त्या डोंगरावरचं एक फूल आणि एक आभाळ. तिन्हींना भ्यालो. तुम्ही कुणी तिकडं गेला नसाल, म्हणून सगळं नीट सांगतो.

दोन हजार साल उलटून दोनेक वर्षं झाली होती. कळंब्याच्या रस्त्याला आमची रोपवाटिका आहे. गुलाब, मोगरा, जास्वंद, आंब्याची कलमं, असा साधा माल. एकुलती एक मुलगी गिरिजा. लहानपणी रोपांच्या पिशव्यांत माती भरून मोठी झाली, वनस्पतिशास्त्र शिकली आणि एक दिवस दक्षिण आफ्रिकेला निघाली. तिथं ड्राकेन्सबर्ग नावाची डोंगररांग आहे. तिच्या पायथ्याच्या एका हॉटेलात बाग करायचं काम, दोन वर्षांचा करार. करार संपत आला तेव्हा तिथली मालकीण म्हणायला लागली, आणखी तीन वर्षं राहा. गिरिजा फोनवर म्हणाली, “बघू.” आमच्या घरात निम्मं कानडी चालतं, आईला अव्वा म्हणतात. तर तिच्या अव्वाला, म्हणजे माझ्या बायकोला, शांताला, या ‘बघू’चा अर्थ बरोबर कळला. पोरगी लांब चालली.

“तुमी जावा,” शांता मला म्हणाली. तिचे गुडघे गेलेले, तिला इतका प्रवास झेपणारा नव्हता. “आणि पोरीला घेऊनच या. मला दुसरं काय बी नको.”

“मी? इमानात?”

“मग काय बैलगाडीनं जातासा?”

झालं. बॅग भरली. शांतानं कांदा-लसणीची चटणी तीन पिशव्यांत गुंडाळून दिली. छत्री मी स्वतः घेतली. लांब दांड्याची, काळी, टोकाला लोखंडी खिळा असलेली. आपल्या थंडीत तिकडं पावसाळा असतो असं गिरिजानं कळवलं होतं, आणि पाऊस म्हटला की छत्री. त्यात विचार करण्यासारखं काय आहे? ती बॅगेला सुतळीनं बांधून टाकली. विमानाबद्दल मी काही सांगणार नाही, कारण मी डोळे उघडले नव्हते.

जाळीचं घर

गिरिजा विमानतळावर न्यायला आली होती. वाळली होती, काळवंडली होती, आणि गाडी स्वतः चालवत होती. मी आत बसलो तशी तिनं खट्‌कन चारी दारं आतून लावली.

“दारं कशाला लावलीस गं?”

“सिग्नलला कोण बी हात घालतंय आत. काच वर घ्या, आप्पा.”

हे तिनं असं सांगितलं, जसं काही आज आमटी केली आहे. मी काच वर घेतली आणि पुढचा सगळा रस्ता प्रत्येक सिग्नलला श्वास धरून बसलो. रस्ते मात्र काय वर्णावे! पोटातलं पाणी हलत नव्हतं. दोन्ही बाजूंना उसाचे फड लागले तेव्हा क्षणभर वाटलं, आपण शिरोळकडं चाललोय. मग फड संपले, गवताचे डोंगर सुरू झाले आणि माणूस दिसेना झाला.

तिचं राहायचं घर हॉटेलच्या मागं होतं. खिडक्यांना गज, दाराला दोन कुलपं, दारावर आणखी एक लोखंडी जाळीचं दार आणि कुंपणावर करंट सोडलेली तार. आमच्याकडं असलं कुंपण कळंब्याच्या जेललाच. आमच्या घराचं दार सकाळी सडा टाकताना उघडतं ते संध्याकाळी दिवा लागला की लोटतो, मधे कुणीही यावं आणि चहा मागावा. इथं पोरगी दोन वर्षं एकटी तीन कुलपांच्या आत राहत होती.

“भ्या वाटत न्हाय तुला?”

“पहिल्यांदा वाटलं. आता सवय झालीया.”

मी मनात म्हटलं, ठरलं. हिला न्यायचंच. आता शांतानं सांगितलं म्हणून नव्हे, मलाच पटलं म्हणून.

उतार

दुसऱ्या दिवशी तिनं तिची बाग दाखवली. हॉटेलच्या खालच्या अंगाला एक लांबलचक उतार होता. मी बाग शोधत होतो. समोर होतं गुडघाभर तांबूस गवत, त्यात दगडधोंडे आणि दगडांच्या आडोशानं जमिनीलगत वाढलेले रुपेरी गड्डे. त्यांवर पांढरी, गुलाबी, पिवळी फुलं. आमच्या मसाईच्या पठारावर पावसाळा सरताना दिसतं तसं. सुंदर होतं, पण पठाराला कुणी बाग म्हणतं का?

मी वाकून एका फुलाला हात लावला. फूल वाळलेलं. पाकळ्या कागदासारख्या कुरकुर वाजल्या. दुसरं बघितलं, तेही तसंच. तिसरंही.

“गिरे, गेलं की गं सगळं! वाळून कोळ झालंय!”

आयुष्यभर रोपं विकलेला माणूस मी. बाग मेली म्हटल्यावर मला दुसरं सुचेना. पळत जाऊन नळाखाली बादली लावली आणि भरलेली बादली घेऊन उतारावर निघालो.

“आप्पा! पाणी नका घालू! ठेवा ती बादली!” गिरिजा ओरडत आली. “वाळली न्हाईत ती. जिवंतपणीच अशी असत्यात.”

ही तिकडची एव्हरलास्टिंग डेझी. आपल्याकडं बोगनवेलीलाही कागदी फूल म्हणतात, ती ही नव्हे. ही शेवंतीच्या जातकुळीतली, पण पाकळी जन्मजात कोरडी. तोडून ठेवली तर वर्षानुवर्षं रंग तसाच. पानांवर दाट पांढरी लव असते, तिच्यामुळं गड्डा रुपेरी दिसतो. हिवाळ्यात डोंगरावर बर्फ पडतो, तेही ती सोसते. तिला सोसत नाही ते एवढंच, की कुणी लाड केले.

“शेणखत किती घालतीस?” मी विचारलं.

“घालत न्हाय.”

“गांडूळखत?”

“न्हाय.”

“मग खातंय काय हे झाड?”

“दगडं,” ती म्हणाली. आणि खरोखर, तिनं हॉटेलच्या उतारावरची चांगली काळी माती उचलून नेऊन तिथं खडी आणि जाड वाळू मिसळली होती. काळी माती उचलून नेली! मी हे कुणाला कोल्हापुरात सांगितलं तर पोरीचं डोकं फिरलं म्हणतील. पण पाणी मुळाशी थांबलं की ही झाडं कुजतात, आणि सुपीक जमिनीत गवत माजून त्यांना गिळतं. बीसुद्धा वाळूवर नुसतं भुरभुरायचं, झाकायचं नाही. उजेड दिसला तरच उगवतं.

तिच्याबरोबर काम करणारा सिफो नावाचा झुलू माणूस होता. माझ्याच वयाचा, अंगानं आडवा, आवाज खर्जातला. त्यानं मला बघितल्याबरोबर दोन्ही हातांनी हात धरून “बाबा” म्हटलं. मी चकित. गिरिजा म्हणाली, त्यांच्या भाषेतही बापाला बाबाच म्हणतात आणि वडीलधाऱ्याला तसंच हाकारतात. त्या एका हाकेनं मला जरा बरं वाटलं.

त्या दिवशी रोपं लावायची होती. त्यांची रीत अशी की मूठभर रोपं घ्यायची, उतारावर हलकेच टाकायची आणि जिथं पडतील तिथं लावायची. कुणी लावली आहेत असं दिसता कामा नये. मी म्हटलं, द्या, मीही लावतो. खाली मान घालून कामाला लागलो, हात भराभर चालला. पाठ मोडायला आली तेव्हा उभा राहिलो, तर सिफो तोंडावर हात धरून उभा.

“आप्पा,” गिरिजा म्हणाली, “ऊस लावलायसा की!”

बघतो तर काय, सरळ सरी! दोरी लावल्यागत एका ओळीत रोपं, दोन रोपांत सारखं अंतर. माझा हात दुसरं काही जाणतच नव्हता. उपटून पुन्हा लावायला बसलो. या खेपेला मुद्दाम वाकडं लावत गेलो. एक डावीकडं, एक उजवीकडं, एक डावीकडं, एक उजवीकडं. ती नागमोडी सरी झाली. गिरिजा हसता हसता खाली बसली, डोळ्यांतलं पाणी पुसायला लागली. मीही हसलो आणि हसता हसताच मला कळलं. ही पोरगी इथं सुखात आहे. हिला काय सांगून घरी न्यायचं?

दुपारी सिफोनं डबा उघडला. मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं, त्याला पाप म्हणतात, आणि तांदळजासारखी एक रानभाजी. आम्ही लिंगायत, मांसमच्छी नाही, म्हणून गिरिजानं त्याला मुद्दाम तसं सांगितलं होतं. मी चटणी काढली. सिफोनं बोटभर चाटली, डोळे पुसले, पाणी प्याला, आणि मुकाट्यानं पुन्हा हात पुढं केला. कोल्हापुरात असल्या माणसाला लगेच सोयरा करून घेतील.

जेवताना मी विषय काढला. “गिरे, अव्वा वाट बघतीया.”

“उद्या वर डोंगरावर फुलांचं बी गोळा कराय जायचं हाय, आप्पा. आल्यावर बोलू,” ती म्हणाली आणि पाप चटणीत बुडवायला लागली.

वर

गाडी जाईल तिथवर गाडीनं गेलो, पुढं चालत. डावीकडं दरी. मी दरीकडं बघितलं नाही, हाताला येईल ते गवत धरत सिफोच्या टाचांकडं बघत चढलो. वर गवताळ सोंड लागली, डोंगरातून पुढं आलेली उघडी धार. तिच्या पलीकडं काळ्या कातळाची भिंत, आभाळाला टेकलेली, आणि त्या भिंतीवर म्हणे दुसरा देश, लेसोथो. छत्रीचा टेकायला उपयोग होत होता, म्हणून मी ती आणल्याचा मला अभिमान वाटत होता.

सोंडेवर कागदी फुलं गोधडी अंथरल्यासारखी पसरली होती. ही कुणी लावलेली नव्हती. गिरिजा उतारावर काय करायला बघत होती ते मला तिथं उमगलं. पिकलेल्या बोंडाला चिमटीत धरलं की आतून कापसासारखा पुंजका सुटून येतो, त्या पुंजक्याला बी. ते कागदाच्या पुडीत टाकायचं. एका झाडाचं थोडंच घ्यायचं, बाकी डोंगराला ठेवायचं. मला ते काम फार आवडलं. बराच वेळ मी दरी विसरलो, विमान विसरलो, कुलपं विसरलो. पुडी भरत होती, ऊन अंगावर होतं.

मग माझ्या हातापाशी असलेलं एक फूल मिटलं.

शेजारचं मिटलं. पाकळ्या उभ्या होऊन कळीसारख्या झाल्या. मी मान वर केली तर सगळी गोधडीच हळूहळू आवळत चालली होती, आणि ऊन तर अजून लखलखत होतं.

“गिरे, ही झोपली का काय?”

तिनं खाली बघितलं, मग वर. तिचा चेहरा पांढरा पडला. “सिफो!” तिनं हाक मारली, आणि मला म्हणाली, “हवा ओली झाली की मिटत्यात ती. चला, आप्पा. पळू नका, पण चला.”

कातळाच्या भिंतीमागून काळं काहीतरी वर येत होतं. आमच्याकडं ढग येतात ते पश्चिमेकडून, दिवसभर दिसत दिसत. हे भिंतीवरून डोकं काढून एकदम अंगावर आलं. आम्ही निम्मी सोंड उतरलो नाही तोच टपोरे थेंब पडायला लागले, आणि मी छत्री उघडली.

हे मी विचार करून केलं नाही. थेंब पडला की आमचा अंगठा खटक्यावर जातोच. गगनबावड्याकडं चार-चार महिने पाऊस बघितलेली आम्ही माणसं. आमचा पाऊस कोसळतो, कुजवतो, आठ-आठ दिवस सूर्य दाखवत नाही, पण त्याच्याबरोबर वीज अशी येत नाही. वीज वळवाची, आणि वळीव आला की आम्ही घरात. उघड्या सोंडेवर, चहूकडं गुडघाभर गवत, त्यात सगळ्यांत उंच वस्तू म्हणजे मी आणि माझ्या डोक्यावरचा लोखंडी खिळा.

छत्रीच्या काड्यांतून बारीक गुणगुण यायला लागली. माशी अडकल्यासारखी. हातावरचे केस उभे राहिले. मी वर बघतोय, काय वाजतंय म्हणून, एवढ्यात गिरिजानं धावत येऊन माझ्या हातावर फटका मारला, छत्री हिसकली आणि दरीकडं भिरकावली.

“खाली बसा! उकिडवं! पाय जुळवून! हात भुईला लावू नका!”

मी बसलो. आणि ती माझ्यापासून पळत लांब गेली. सिफो दुसऱ्या अंगाला लांब गेला. मला वाटलं, मला सोडून चालली. मी उठून तिच्यामागं निघालो.

“जवळ येऊ नका!” ती किंचाळली. “लांब ऱ्हावा! एका जागी बसलो तर सगळी जाऊ!”

मी जिथं होतो तिथंच बसलो. आमच्या घरात वीज कडाडली की सगळे एका खोलीत येतात. आई लेकरांना पदराखाली ओढते, म्हातारी माणसं हात धरतात, कुणीतरी शिवाचं नाव घेतं. भ्यालं की जवळ यायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. इथं माझी पोरगी हाकेच्या अंतरावर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती आणि तिच्याजवळ जायचं नव्हतं. मला रडू यायला लागलं. छातीवर लिंगाची चांदीची डबी होती. चांदी म्हणजे धातूच की, असं मनात आलं. पण ती गळ्यातून काढायची नसते. मी मूठ तिच्यावर आवळली आणि तशीच धरून बसलो. मग गारा आल्या. आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या, पाठीवर दगड मारल्यासारख्या.

मग सगळं पांढरं झालं.

आवाज मला ऐकू आलाच नाही. मी आडवा पडलो होतो, कानांत शिट्टी वाजत होती, नाकात फटाक्याच्या दारूचा वास. मान वळवून बघितलं. गिरिजा कुशीवर पडली होती. तिच्यावर गारा पडत होत्या आणि ती हात वर घेत नव्हती.

लांब राहायला सांगितलं होतं. मी गेलो. गुडघ्यांवर, हातांवर, गारांतून रांगत गेलो. धीर आला म्हणून गेलो असं कुणी समजू नका, धीर कसला, भीतीनंच मला तिच्याकडं ओढत नेलं. तिचं तोंड माझ्याकडं वळवलं. डोळे उघडे. “गिरे! गिरे!” मी ओरडत होतो, पण माझा आवाज मलाच येत नव्हता. तिच्या अंगावर पालथा पडून मी गारा पाठीवर घेतल्या. किती वेळ, शिव जाणे. सिफो आला. त्यानं तिच्या मानेला बोटं लावली, माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. हो म्हणून.

तो तिला पाठीवर घेऊन गाडीपर्यंत उतरला. मी मागं, दरीच्या कडेनं. दरी होती हे मला नंतर आठवलं.

पडदा

डॉक्टर म्हणाले, वीज अंगावर पडलेली नाही, जवळ पडली, जमिनीतून झटका आला. पाय बधिर झालाय, उतरेल. एका कानानं काही दिवस कमी ऐकू येईल. बाकी ठीक.

बाकी ठीक नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी माझ्या हातून ताटली पडली तर तिनं पलंगाची कड धरली. सकाळपासून ती खिडकीतून आभाळ बघत होती. दुपारी लांब कुठंतरी एक पांढरा ढग आला, कापसाच्या बोंडाएवढा, तशी ती लंगडत उठली आणि पडदा ओढून घेतला. सिग्नलला शांतपणे काच वर घ्यायला सांगणारी हीच पोरगी.

“आप्पा, मला घरी न्या,” ती म्हणाली. “मी ऱ्हात न्हाय आता. तिकिटाचं बघा.”

याच्यासाठीच तर मी आलो होतो! हॉटेलच्या फोनपाशी गेलो, शांताला कळवायला. आता ती काय खूश होईल! रिसीव्हर उचलला, थोडा वेळ धरला आणि परत ठेवला. का ठेवला ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

बाहेर उतारावर सिफो एकटाच होता. हॉटेलच्या गुलाबांचा गारांनी पार चेंदामेंदा केला होता. आमच्या कागदी फुलांची काही बोंडं तुटली होती, पण गड्डे दगडांच्या खाचांत दबून जिवंत होते. खडी मात्र वाहून गेली होती, मुळं उघडी पडली होती. आम्ही दोघं बसलो आणि खडी परत मुळांशी भरायला लागलो. बोलायला भाषा नव्हती, त्यामुळं बरं होतं. थोड्या वेळानं लांब कुठंतरी गडगडलं. सिफोनं आभाळाकडं बघून मान हलवली, अजून लांब आहे. मी कापऱ्या हातांनी खडी भरत राहिलो. त्यानं उठायची खूण केली, तेव्हा उठलो.

आत आलो, तिच्या पलंगाशी बसलो.

“गिरे, मी जन्माचा भित्रा, तुला ठावं हाय. पण माझी भीती आधी एवढीशी हुती. पहिल्यांदा घाटाला भ्यालो, म्हणून गगनबावड्याला रोपवाटिकेसाठी जागा मिळत हुती ती घेतली न्हाय. मग रातच्या गाडीला भ्यायला लागलो. मग जिन्याला. आता कुत्र्याला भितो. भीतीचं असंच असतंय, पोरी. एकदा तिचं ऐकलं की ती रोज नवीन कायतरी सांगाय लागतीया.”

“मग मी हितं ऱ्हाऊ म्हणतायसा?”

“ऱ्हा कुठं म्हणतोय मी? यायचं तर ये की! कंटाळा आला म्हणून ये, अव्वाची सय येतीया म्हणून ये, भाकरी खावी वाटली म्हणून ये. पण भिऊन नको येऊस. चार दिस पडदा उघडून बाहेर बस, आणि मग ठरीव. तवा बी यावंच वाटलं तर मी परत येतो न्यायला.”

“तुमी? इमानात बसून?”

“डोळं मिटून.”

ती हसली आणि लगेच रडायला लागली. “अव्वा तुमास्नी सोडणार न्हाय, आप्पा.”

“त्याचं तर लई भ्या वाटालंय मला,” मी म्हणालो, आणि ते अगदी खरं होतं.

पडदा तिनं त्या दिवशी उघडला नाही. दुसऱ्या दिवशी अर्धा उघडला. माझ्या परतीच्या दिवसापर्यंत ती दारातल्या पायरीवर येऊन बसायला लागली होती, पण ढग दिसला की आत. काही ठरवलं नव्हतं. मला विमानतळावर सिफोनं सोडलं. जाताना त्यानं पुन्हा दोन्ही हातांनी हात धरला.

कोल्हापूर

रिक्षातून उतरलो तर शांता दारात उभी. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही, ती रिक्षाच्या आत वाकून बघत होती.

“गिरी कुठाय?”

मी उंबऱ्यातच सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, मला खोटं बोलायचीही भीती वाटते. वीज, गारा, पडदा, आणि मी काय बोललो ते.

“पोरीवर ईज पडली,” ती सावकाश म्हणाली, “ती घरी येते म्हणाली, आणि तुमी तिला तिथं ठेवून आलासा? तुमी? पालीला भिऊन खाटेवर चढणारा माणूस?”

तिनं पाय धुवायला पाणी दिलं, जेवायला वाढलं, आणि बोलणं बंद केलं. शेजारीपाजारी सगळे तिच्या बाजूनं. खरं सांगू? मीही तिच्याच बाजूनं होतो. फोन वाजला की मी ‘शिवा शिवा’ म्हणतच उचलायचो. दुपार कलली की वाटायचं, आता तिकडं भिंतीमागून काळं वर येत असेल. रोपवाटिकेत लोक विचारायचे, ती कागदी फुलं इथं येतील का हो? मी सांगायचो, आपल्या पावसात मुळं कुजतील, आणि परमुलखाचं बी खिशातून आणायचं नसतं, काँग्रेस गवतानं काय केलंय ते बघताय की. गिरिजानं म्हणूनच एक पुंजकाही दिला नव्हता. एवढं बोलून मी परत फोनकडं कान लावायचो.

बरेच आठवडे गेले. एका संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज स्वच्छ होता.

“आप्पा, काल वर जाऊन आले.”

“कुठं वर?”

“डोंगरावर. बी ऱ्हायलं हुतं की गोळा करायचं. सिफो हुता संगं. फुलं मिटाय लागली तसं लगेच उतरलो. लई भ्यालते, आप्पा. पाय लटलट कापत हुतं. पण आले जाऊन.”

“बरं केलंस.”

“आणि मालकिणीला सांगितलं. ऱ्हाते म्हणून. मला ऱ्हायचंच हाय.”

“बरं केलंस,” मी परत म्हणालो. अव्वाला दे म्हणाली, पण शांता मान हलवून स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली. मी फोन ठेवला.

“येतीया?” शांतानं विचारलं. कितीतरी दिवसांनी तिनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

“न्हाय. ऱ्हाणार म्हणाली. काल परत त्या डोंगरावर गेलती.”

“मग हसताय कशाला?”

“हसत न्हाय गं,” मी म्हणालो. “दात वाजाय लागल्यात.”

तिनं जवळ येऊन माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं. मग भिंतीचा आधार घेत, गुडघे धरत, माझ्याशेजारी खाली जमिनीवर बसली. माझा हात धरला. तिचा हातही थंडगार होता.

“मला वाटलं, तिकडं जाऊन तुमची भीतीच गेली,” ती म्हणाली. “मला वाटलं, ही सगळी भीती मी एकटीनंच धरायची.”

“न्हाय गं,” मी म्हणालो. “हाय की. लई हाय.”